हुडी आणि जाकीट

कपड्यांना वाचा होती त्या काळी, पाचगणीत इंदवी नावाच्या मुलीच्या खुंटीवर एक जुनं डेनिमचं जाकीट राहत असे. थंडी पडली तशी शेजारी एक नवी लालभडक हुडी आली.

पाचगणीची हवा लहरी. म्हणून इंदवी आत हुडी घाली आणि वरून जाकीट. हुडीला ते सोसेना. “दादा, तुझ्यापायी माझा रंग कुणाला दिसतच नाही. एक दिवस तरी घरी राहा ना!”

जाकिटाला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी ते हळूच घसरून कपाटामागे जाऊन बसलं. इंदवीनं खूप शोधलं आणि शेवटी नुसत्या हुडीवरच स्कूटर काढली.

लोक वळून पाहू लागले तशी हुडी हरखली. पण घाटाच्या वळणावर वारा सुटला आणि तिच्या विणीतून आरपार शिरला. तिनं आतली ऊब जिवाच्या आकांतानं धरली, तरी ती निसटतच गेली. घरी येईपर्यंत इंदवी तापानं फणफणली.

खुंटीवरून हुडी रडवेली होऊन म्हणाली, “दादा, बाहेर ये रे. मला एकटीला तिला सांभाळता आलं नाही.”

“अगं, मला तरी कुठं येतं? मी नुसता वारा अडवणारा. ऊब तुझीच,” म्हणत जाकिटानं एक बाही बाहेर सरकवली.

इंदवी बरी झाल्यावर तिला ती बाही दिसली. तिनं जाकीट झटकून हुडीवर चढवलं. बाहेर धुकं होतं. हुडीनं आपली टोपी त्याच्या कॉलरवर पसरली आणि विचारलं, “दादा, मानेला गार नाही ना लागत?”