पायविहिरीचं पाणी

पुष्कळ पावसाळ्यांपूर्वीची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाला एकच विहीर, पायऱ्यांची. बायका पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात जायच्या आणि घागरी बुडवून आणायच्या. पाणी गोड होतं, पण पेरणी तोंडावर आली की घरोघरी नारू निघायचा. पायावर फोड येई आणि तो फुटून दोऱ्यासारखा लांब जंतू बाहेर पडे. आग इतकी व्हायची की माणूस लंगडत विहिरीवर येऊन पाय पाण्यात सोडून बसे. ऐन हंगामात निम्मे नांगर उभे राहत.

"देवाची करणी," लोक म्हणत.

त्या गावात हौसा नावाची सून नांदायला आली. पहिल्याच दिवशी तिने घागरीच्या तोंडावर लुगड्याचं दुहेरी फडकं बांधलं.

सासू फणकारली, "का गं, आमचं पाणी घाण आहे होय?"

"तसं नव्हे, आत्याबाई. माझ्या माहेरीही नारू होता. पाणी गाळायला लागलो, तसा तो गेला."

शेजारणी हसल्या. सासूही आठ दिवस बोलली नाही. हौसा मात्र रोज पाणी गाळत राहिली.

वर्ष सरलं. पेरणी आली. दरसाल खाटेला खिळणारा हौसाचा सासरा त्या वर्षी पाभर घेऊन शेतात गेला. बांधावर भाकरी घेऊन आलेली सासू त्याच्या पायांकडे बघतच राहिली. संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने फडकी फाडली आणि आळीत घरोघर वाटली.

हौसा म्हणाली, "आत्याबाई, फडक्याने अर्धंच काम होतं. ज्याला नारू निघालाय त्याने विहिरीत पाय घातला, की दुखणं पाण्यात उतरतं. तेच आपण पितो."

दुसऱ्याच दिवशी पाटील काठी टेकत विहिरीवर आले. पाय सुजलेला, चेहरा वेदनेने पिळवटलेला. सासू पायरीवर आडवी उभी राहिली.

"पाटील, खाली उतरू नका."

"ही विहीर माझ्या आज्याने खोदली!" पाटील गरजले.

"म्हणून तर ती आधी तुम्ही जपायची. या, त्या लिंबाखाली बसा. पाणी मी आणते."

पाटील धुसफुसत बसले. म्हातारीने विहिरीपासून लांब, त्यांच्या पायावर गार पाण्याची धार धरली. एक घागर संपली, दुसरी संपली. हळूहळू पाटलांच्या कपाळावरची आठी मोडली.

"बरं वाटलं गं," ते पुटपुटले. मग विहिरीकडे बघत म्हणाले, "इतकी वर्षं मीच माझं दुखणं साऱ्या गावाला पाजत होतो की काय?"

 म्हातारीने तिसरी घागर ओतली.

पुढच्या उन्हाळ्यात पाटलांनी पायऱ्या बुजवून घेतल्या, विहिरीला कठडा बांधला आणि वर रहाट बसवला. आता पाण्यात कुणाचाच पाय पडेना. फडकीही कुणी सोडली नाहीत. दोन वर्षांनी पेरणी आली, तेव्हा गावात एकही माणूस खाटेवर नव्हता. सगळ्या शेतांत एकाच सकाळी पाभरी चालल्या. हौसाची सासू आल्यागेल्याला सांगू लागली, "आमची सून हो ही!"

तात्पर्य : आपल्या घागरीपुरतं पाणी एकट्याला राखता येतं, पण सगळ्यांचं आरोग्य सगळ्यांनी मिळूनच राखावं लागतं.