ओहोटीला मोजलेली जमीन

फार पूर्वी कुंभतट देशात राजा वज्रबाहू राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका बांधराख्याच्या कुळात जन्मला होता. तो देश समुद्राहून सखल. खाडीच्या एका तीरावर बांधाआड गाव, दुसऱ्या तीरावर तिवरांनी भरलेली खारी दलदल, म्हणजे खाजण. उधाणाचे पाणी खाजणात पसरे आणि गाव कोरडे राही.

गंडक नावाच्या प्रधानाने हे खाजण मोजले. मोजणी ओहोटीला झाली, म्हणून दप्तरात खाजण पडीक जमीन ठरले. समुद्राला कोणी विचारले नाही. तिवरे तोडून भोवती बांध घातला, राजासाठी भात पेरले आणि राजाच्या हुकमाने दवंडी पिटली, की या बांधाला कुदळ लावील तो सुळावर जाईल.

भाद्रपदातल्या अमावास्येला समुद्राकडून वारा सुटला. भर दुपारी अंधारून आले. खाजणाची वाट बंद झालेले पाणी गावाच्या बांधावर चढू लागले. बोधिसत्त्वाने बांधाला तळहात टेकला. माती आतून थरथरत होती. खाली नव्वद घरांतल्या चुली पेटलेल्या होत्या.

त्याने कुदळ उचलली. बोधिसत्त्व झाला म्हणून सुळाचे भय सुटत नाही. त्यालाही ते होते.

"अहो, कुठे निघालात?" बायको खेमाने विचारले.

"पलीकडे. राजाचा बांध फोडायला."

तिने वल्हे उचलले. "मग होडी मी वल्हवते. तुमचे हात आत्ताच लटपटतायत."

बांध फुटला तसे पाणी गर्जत खाजणात घुसले. भात दिसेनासे झाले. गावाच्या बांधावरचे पाणी आधी वीतभर उतरले, मग हातभर.

दुसऱ्या दिवशीही खाजणातले पाणी ओसरले नव्हते. राजा गंडकाला आणि शिपायांना घेऊन नावेतून पाहणीला आला.

"गंडका, माझे शेत कुठे आहे?"

"महाराज, आपण त्याच्यावरूनच चाललो आहोत."

नाव गावाला लागली. बांध कोणी फोडला असे विचारताच सगळे आपापल्या पायांकडे पाहू लागले. बोधिसत्त्वाला शिपायांचे भाले दिसत होते. तरी तो पुढे झाला.

"मी फोडला, महाराज."

"सूळ रोवा!" गंडक ओरडला.

शिपायांनी चहूकडे पाहिले. सूळ उभा राहील एवढी कोरडी जमीन एकच होती, ती म्हणजे गाव. ते तिथेच खड्डा खणू लागले. पोरे कडेवर घेतलेल्या बाया मागे सरल्या. राजा त्या खड्ड्यातून निघणाऱ्या कोरड्या मातीकडे बघत राहिला.

"थांबा," तो म्हणाला. "ही जमीन यानेच राखली आहे."

"पण महाराज, हुकूम..."

"हुकूम माझाच होता. तो मी मागे घेतो. खाजण समुद्राचे समुद्राला द्या."

ही आपल्या पूर्वजन्मीची कथा सांगून भगवान म्हणाले, "त्या वेळचा गंडक म्हणजे देवदत्त, राजा म्हणजे आनंद, खेमा ही राहुलमाता आणि बांधराखा मीच होतो. भीत भीत का होईना, दुसऱ्याला भयातून सोडवणे, यालाच अभयदान म्हणतात."