उभी काठी आणि नाचती चकती

हिवाळ्यात तळ्यावरून गाडी हाकली तरी चाक ओलं होत नाही, अशा एका थंडगार मुलखात, तळ्याकाठच्या गावी एक कोळी आणि त्याची कोळीण राहत असत. तळं गोठलं की तिथले लोक होड्या पालथ्या घालून ठेवत, पहारीने बर्फाला भोकं पाडत आणि भोकाशी बसून मासे धरत.

कोळ्याला एका जागी स्वस्थ बसणं माहीतच नव्हतं. त्याच्या हातात आखूड काठी असे आणि दोरीला गळासकट एक चकचकीत पितळी चकती. ती तो दिवसभर पाण्यात खालीवर नाचवत राही. हाताबरोबर तोंडही चालू असे, हे सांगायला नकोच. कोळीण अगदी त्याच्या उलट. ती शेजारच्याच भोकावर आपली काठी बर्फात रोवून ठेवी, गळाला एक बारकी जिवंत मासोळी लावून खाली सोडी, काठीच्या टोकाला घुंगरू बांधी आणि लोकर विणत बसे. मग काठीला हात म्हणून लावायचा नाही. मासोळी खाली आपली आपण पोहत राही. घुंगरू वाजलं की विणकाम बाजूला ठेवायचं आणि मासा वर ओढायचा.

आणि वाजायचं ते तिचंच घुंगरू. कोळ्याच्या चकतीला क्वचितच काही लागे, आणि लागलं तरी तळहाताएवढं.

संध्याकाळी दोघं घराकडे निघाले की गावातली माणसं वाटेत गाठत. "वहिनी, हाताला यश आहे हो तुमच्या," असं म्हणत, आणि मग कोळ्याकडे वळून, "दादा, तुम्ही काय, नुसतं पाणी ढवळायला जाता का?" कोळीही हसण्यावारी नेई, पण मनातून त्याला ते फार लागे. दिवसभर राबून खांदा दुखतो माझा, आणि नाव होतं बसून विणणाऱ्या बाईचं, असं त्याला वाटे.

त्या वर्षी त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं. मुलगा पलीकडच्या काठावरचा. त्या मुलखाची रीत अशी, की वऱ्हाड घसरगाड्यांतून बर्फावरून येई आणि वधूच्या घरच्यांनी पंगतीच्या मधोमध एक ताजा, अख्खा मासा मांडायचा. तोही असा, की शेपूट परातीबाहेर गेली पाहिजे. तसा मासा नसेल तर वऱ्हाड पाणी पिऊन आल्या वाटेने परत जाई. मग बर्फ पातळ व्हायला लागे, ना घसरगाडी चाले ना होडी, आणि लग्न जाई थेट उन्हाळ्यावर.

"हा मासा माझ्याच गळाला लागणार," कोळी म्हणाला. "लेक माझीही आहे. मीही काठी रोवतो आणि बसतो. बसायला काय अक्कल लागते?"

"अहो, मग चकती कोण नाचवणार?" कोळिणीने विचारलं.

"कोणी नाही. नाचवली तेवढी पुरे झाली."

तो फुगून तळ्याच्या दुसऱ्या टोकाला गेला. भोक पाडलं, मासोळी लावली, काठी रोवली आणि मांडी घालून बसला. जरा वेळ बसला नाही तोच त्याला वाटलं, मासोळी जिवंत आहे ना, बघावं. वर ओढली. होती. परत सोडली. पुन्हा शंका आली, पुन्हा ओढली. त्या बोचऱ्या वाऱ्यात बिचारीचं लाकूड व्हायची वेळ आली. शेवटी त्याने दोन्ही हात बगलेत घट्ट दाबले आणि मोठ्या कष्टाने गप्प बसला. तरीही घुंगरू वाजलं नाही.

तिचं मात्र वाजलं असणार, असं मनात म्हणत तो संध्याकाळी घरी आला, तर कोळिणीची टोपलीही रिकामी. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. लग्न उद्यावर आलं.

सकाळी लेक म्हणाली, "बाबा, येऊ नका म्हणून निरोप धाडायचा का त्यांना?" ती हसतच म्हणाली, पण तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. कोळी न्याहारी अर्धी टाकून उठला.

त्या दिवशी तो आपल्या भोकाकडे गेलाच नाही. कोळिणीजवळ जाऊन उभा राहिला. "तुझ्याही काठीला काय झालंय?" त्याने हळूच विचारलं.

"काठी चांगली आहे, मासोळीही छान पोहतेय," ती म्हणाली. "पण तिच्याकडे बघायला कोणी येतच नाही. घ्या तुमची चकती. आणि हे कांबळं डोक्यावर घेऊन खाली बघा. इतक्या वर्षांत एकदा तरी बघितलंत का, खाली काय चालतं ते?"

शेजारचं आपलं जुनं भोक पुन्हा फोडून कोळी त्यावर पालथा पडला. कांबळ्याने वरचा उजेड झाकताच हिरवं पाणी तळापर्यंत दिसू लागलं. त्याने चकती नाचवली. ती लखलखली आणि लांबच्या काळोखातून एक भला दांडगा मासा सरसर आला. चकतीपाशी थबकला. हिला खावं की नको, असं बघत राहिला, आणि मग त्याची नजर शेजारच्या मासोळीकडे वळली.

कोळ्याच्या सगळं लक्षात आलं. मासे येत होते ते त्याच्या चकतीसाठी आणि खात होते ते तिची मासोळी.

त्याचा हात थांबला. हाही तिच्याच काठीला लागणार, गाव पुन्हा हसणार. हात असाच थांबवला तर मासा निघून जाईल, आणि कुणाला कळणारही नाही. असं त्याच्या मनात आलं, उगाच खोटं कशाला सांगा. चकती निपचित पडली तसा मासा वळून चाललासुद्धा. मग कोळ्याला लेकीचे डोळे आठवले आणि स्वतःचीच लाज वाटली. त्याने जोराने चकती नाचवली. मासा फिरला, पुन्हा आला, चकतीभोवती एक घिरटी घातली आणि वळून मासोळी गट्ट केली.

घुंगरू असं वाजलं की कोळीण दचकली. भोक लहान आणि मासा मोठा. तिने दोरी धरून ठेवली, त्याने पहारीने भोक रुंद केलं आणि दोघांनी मिळून मासा वर काढला. दोघंही भिजून चिंब झाले आणि लहान मुलांसारखे हसत सुटले.

दुसऱ्या दिवशी परातीबाहेर चांगली वीतभर शेपूट गेली. व्याह्यांनी मिशीला पीळ देत विचारलं, "कोणी धरला हो एवढा?"

"तिने धरला," कोळी मोकळेपणाने म्हणाला. "तिच्याच काठीला लागला."

"आणि माझ्या काठीपर्यंत यांनी आणला," कोळीण म्हणाली. "हे तीन दिवस रुसले होते, तर माझ्या गळाकडे एक मासा फिरकला नाही." पंगतीत हशा पिकला. लेकीने माशाच्या गालाचा मऊ तुकडा आईच्या ताटात वाढला आणि दुसऱ्या गालाचा बाबांच्या.

तात्पर्य: आपल्या कष्टाचं फळ शेजारच्या काठीला लागलं, तरी आपला हात थांबवू नये, पंगत दोघांचीच असते.