चाकांवरची खोपी

मंडळी, माल पाहून कर सांगणाऱ्यावर विश्वास ठेवावा, की माणूस पाहून सांगणाऱ्यावर?

म्हाकूबाई धनगरीण बाजारात आली ती चाकांवरची खोपी घ्यायला. मागच्या थंडीत तिची कोकरं उघड्यावर गारठून मेली होती. लिंबा सुताराशी सौदा जमला, बैल जुंपले, तेवढ्यात एकटी धनगरीण पाहून जकातदार दादोपंत आडवे आले.

"गाडीला रुपयामागं आणा कर. पण हिला छप्पर आहे, दार आहे. म्हणजे हे घर. घराच्या विक्रीला रुपयामागं चार आणे."

तेवढे पैसे तिच्याकडे नव्हते. पण म्हाकूबाईनं पदर खोचला.

"घर तर घर, पंत. मग रीतीप्रमाणं पावतीवर चतुःसीमा लिहा. पूर्वेला काय, पश्चिमेला काय, सगळं."

पंतांनी ऐटीत लिहिलं, पूर्वेला लोहाराची भट्टी, पश्चिमेला चिंच. तिनं बैल हाकले. खोपी गडगडत विहिरीपाशी जाऊन थांबली.

"आता पूर्वेला विहीर आली की, पंत. खोटी पावती घेऊन मी कुठं जाऊ?"

पंतांनी खोडून पुन्हा लिहिलं. बाई पुन्हा निघाली. दौत सांभाळत पंत मागं, आणि त्यांच्यामागं हसणारा बाजार. शेवटी धापा टाकत ते म्हणाले, "थांब बाई. गाडीच आहे ही."

"घर तुम्हीच म्हणालात," असं म्हणत तिनं गाडीचा कर रोख मोजला आणि पावती घेऊनच हलली.

तिनं कर बुडवला नाही आणि जास्तीचाही दिला नाही. तेव्हा मंडळी, तुमचा हिशेबही असाच चोख ठेवा, एवढंच मागणं.