खंड्याने रोवलेल्या काड्या

तळ्याला अजून कुणी घाट बांधला नव्हता, तेव्हाची गोष्ट. पाणी कुठे किती खोल आहे हे सगळ्यांना कळावं, म्हणून खंड्या पक्ष्याने तळ्यात पाण्यावर सारख्याच उंच दिसतील अशा काड्या रोवल्या. उथळ पाण्यातल्या काडीला त्याने लाल पाकळी बांधली, खोल पाण्यातल्या काडीला पिवळी.

दुसऱ्याच दिवशी टिटवीचं पिल्लू पिवळ्या पाकळीपाशी गटांगळ्या खाऊ लागलं. कासवाने त्याला पाठीवर घेऊन काठाला आणलं.

"पिवळं म्हणजे खोल, हे मी शंभरदा सांगितलंय!" खंड्या चिडून म्हणाला.

"सांगितलंस रे बाबा," टिटवी म्हणाली, "पण पिवळं लालपेक्षा खोल, हे नुसतं बघून कसं कळावं?"

कासव म्हणालं, "रंगाने खाऊ सांग. खोली सांगायला उंची घे."

खंड्याने पुटपुटत काड्या बदलल्या. पाणी जितकं खोल, तितकी काडी पाण्यावर उंच. लाल पाकळी असेल तिथे कोळंबी, पिवळी असेल तिथे गोगलगाई.

संध्याकाळी पिल्लू कोळंबीसाठी पाण्यात शिरलं. पुढची लाल पाकळी त्याच्या डोक्याच्याही वर डुलत होती. ते थबकलं, मागे वळलं आणि आपल्या गुडघ्याएवढ्या काडीची लाल पाकळी शोधून तिथे कोळंबी टिपू लागलं.

ओरडून सांगण्यासाठी उघडलेली चोच खंड्याने हळूच मिटली.