टिपऱ्याचा दुपटीचा डाव

चिंचा अजून गोड होत्या त्या काळी झुबकी खारीने पावसाळ्यासाठी ढोलीत शेंगदाणे साठवले होते. तिचा नवरा टिपऱ्या मात्र सरड्याशी फुटका चिंचोका उडवून पैज लावत बसला होता.

"हरलो की दुप्पट लावायचं. एकदा जिंकलो की गेलेलं सगळं परत, वर एक दाणा," त्याने बायकोला समजावलं.

एक गेला, मग दोन, चार, आठ गेले. आता सोळा लावायचे तर ढोली रिकामी होणार होती.

झुबकी ढोलीच्या तोंडाशी आडवी बसली. "अहो, हरलात तर पिल्लं काय खातील?"

"वहिनी, नशीब फिरेल की आता," सरडा मान हलवत म्हणाला.

झुबकी तडक शेतात गेली आणि एक दाणा आणून तिने नवऱ्याच्या हातावर ठेवला.

"गेले ते गेले. घ्या हा वरचा एक दाणा, जिंकलात. चला आता घरी."