बेचाळिसावा मणी

एकदा एक वृद्ध स्त्री केवळ दोऱ्याच्या आधारावर आपला चरितार्थ चालवीत होती. सोनाराने मणी घडवावेत आणि हिने ते रेशमात ओवून, गाठवून द्यावेत, असा त्या गावाचा क्रम होता. लहानथोर सगळे तिला आक्का म्हणत. आक्कांकडे एक स्त्री हे काम शिकायला येत असे. तिचा हात चांगला होता, पण धीर कमी.

आक्कांची एक रीत होती. प्रत्येक मण्यामागे त्या एक गाठ मारीत आणि दर दहाव्या गाठीत लाल धाग्याचा एक पदर घालीत. मणी जवळ जवळ बसले की ना गाठ दिसे, ना लाल धागा.

शिष्या एक दिवस कंटाळून म्हणाली, "आक्का, जे कोणाला दिसतच नाही त्याच्यासाठी डोळे कशाला फोडायचे? एका माळेला आपल्याला दोन दिवस लागतात. बाजारातला तो माणूस दोन तासांत देतो."

"मग त्याच्याकडे जा शिकायला," आक्का म्हणाल्या. "पण जाण्याआधी या सुईत दोरा ओवून दे."

शिष्येने दोरा ओवून दिला आणि ती तिथेच राहिली. मात्र आक्कांची पाठ वळली की ती गाठ गाळू लागली. पुढची गोष्ट घडली त्या दिवशी तिच्या हातात एक मोत्यांची माळ होती आणि तिने सात-आठ मोती तसेच, बिनगाठीचे ओवले होते.

त्याच आळीत एक तरुण सून राहत होती. तिला दहा महिन्यांचा मुलगा होता, आणि तो झाल्यापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. गॅस बंद केला का, कडी लावली का, बाळ झोपेत श्वास घेतंय ना, सोनं जागेवर आहे ना. लग्नात आलेले दागिने ती एका जागी आठ दिवस ठेवीत नसे. आज तांदळाच्या डब्यात, उद्या उशीच्या अभ्र्यात, परवा देवाच्या चौरंगाखाली. सासूने दिलेली बोरमाळ मात्र, म्हणजे हरभऱ्याहून जरा मोठ्या अशा पोकळ सोन्याच्या मण्यांची माळ, तिने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पाण्याच्या माठाखाली महिनोन्महिने ठेवली होती. तिथे चोर कशाला हात घालील? चोराने घातलाही नाही. पण ओल शिरली.

रोजच्या या लपवालपवीला वैतागून तिच्या नवऱ्याने सात वाट्यांचा नवा मिसळणाचा डबा आणून दिला. "मसाला राहू दे. तुझे दागिनेच ठेव यात एकदाचे, म्हणजे घराला शांतता मिळेल."

दुपारी सासूबाई शेजारच्या आळीत पापड लाटायला गेल्या होत्या. सुनेने चटईवर सगळं मांडलं. एका वाटीत जोडवी, एकीत कुड्या, एकीत बाळाचे वाळे. मग तिने माठाखालची बोरमाळ काढली. एवढ्यात बाळाने रांगत येऊन माळेचं एक टोक धरलं आणि हिसका दिला. दोरा आतून कुजला होता. तो पाच-सहा ठिकाणी तुटला आणि मणी घरंगळले.

"बेचाळीस मण्यांची माळ आहे हो ही, माझ्या सासूबाईंची," असं सासूबाईंनी तिला कितीदा तरी सांगितलं होतं. तिने दोऱ्यात अडकलेले मणी ओढून काढले, जमिनीवरचे गोळा केले आणि मोजले. एक्केचाळीस. कपाटाखाली झाडू घातला, चटई झटकली, पुन्हा मोजले. एक्केचाळीसच. आणि तेव्हा तिचं लक्ष बाळाकडे गेलं. तो तोंड हलवीत होता.

ज्यांच्या घरात रांगतं मूल आहे त्यांना पुढचं सांगायला नको. तिने त्याच्या तोंडात बोट घातलं, काही नाही. त्याला पालथं धरून पाठीवर थापट्या मारल्या. त्याने भोकाड पसरलं. मणी पदराच्या टोकाला बांधून, बाळाला उचलून ती तशीच बाहेर पडली. तालुक्याच्या दवाखान्याकडे जाणारी गाडी फाट्यावर पाऊण तासाने येणार होती, आणि फाट्याचा रस्ता आक्कांच्या ओसरीसमोरून जात होता.

"अगं, अनवाणी कुठे निघालीस?" आक्कांनी हाक मारली.

"आक्का, याने मणी गिळला! बेचाळीस होते हो, एक्केचाळीसच सापडतायत!" एका हाताने तिने बाळाला छातीशी धरलं होतं, दुसऱ्या हाताने गळ्यातलं मंगळसूत्र. तेच दातांत धरून ती हुंदके देऊ लागली.

आक्कांनी बाळाला मांडीवर घेतलं. त्याच्या छातीला कान लावला, हिरडीवरून बोट फिरवलं. बाळाने त्यांचा चष्मा ओढला. "श्वास मोकळा आहे. खालचे दोन दात आलेत, वरचे येऊ घातलेत. तोंड हलवणारच की. गाडीला अजून अवकाश आहे. दोरा कुठे आहे?"

"मणी सगळे आणलेत, हे बघा..."

"मणी नकोत मला. दोरा आण."

"आक्का! माझ्या पोराच्या जिवावर बेतलंय आणि तुम्हाला दोरा सुचतोय? दोरा केरात गेला!"

"मग केरातून आण," आक्का शिष्येकडे वळून म्हणाल्या. "गोंड्यासकट. एक तुकडा मागे ठेवू नकोस."

वयाने यांचं डोकं चालेनासं झालं की काय, असं शिष्येच्या मनात आलं. तरीही ती धावत गेली आणि सुपलीत सगळे तुकडे घेऊन आली.

आक्कांनी पांढरं फडकं पसरून ते तुकडे टोकाला टोक लावून मांडले. दोरा कुजला होता, पण त्यावरच्या गाठी जागच्या जागी होत्या. नऊ पांढऱ्या, एक लाल. पुन्हा नऊ पांढऱ्या, एक लाल. चौथ्या लाल गाठीपुढे एकच पांढरी गाठ, आणि तिथून अखंड गोंडा. त्यांनी स्वतः मोजल्या, शिष्येला उलट्या बाजूने मोजायला लावल्या आणि शेवटी त्या तरुण आईचं बोट धरून एकेका गाठीवर टेकवलं.

"किती?"

"एक्केचाळीस."

"मण्यामागे एक गाठ असते. म्हणजे मी ओवली तेव्हाच ही माळ एक्केचाळीस मण्यांची होती. बाळाने काही गिळलेलं नाही."

"पण एखादा तुकडाच हरवला असेल तर?" शिष्येने विचारलं.

"मग दोन लाल गाठींच्या मध्ये कुठेतरी नऊ भरल्या नसत्या. आणि गाठी बेचाळीस भरल्या असत्या, तर मी इथे बोलत बसले नसते. हिच्याबरोबर गाडीत बसले असते."

इतक्यात सासूबाई धावत आल्या. कोणीतरी निरोप पोचवला होता. हाताला पापडाचं पीठ तसंच होतं. "काय झालं माझ्या बाळाला?" सगळं ऐकलं आणि त्यांनी त्याच पिठाच्या हाताने कपाळ बडवून घेतलं.

"अगं बाई! बेचाळिसावा तुझ्या गळ्यात आहे! तुझं मंगळसूत्र करताना माझ्या माळेतला एक मणी काढून सोनाराकडे दिला होता. म्हटलं, माझ्या सासूचा आशीर्वाद हिच्याही गळ्यात राहू दे. मग उरलेली माळ आक्कांकडे टाकली गाठवायला."

सुनेने मूठ उघडली. मंगळसूत्राच्या दोन वाट्यांच्या मध्ये तो टपोरा मणी होता. मघापासून तिने दातांत धरला होता तो हाच.

"मग मला सांगितलं का नाहीत, आई? आणि रोज बेचाळीस, बेचाळीस का म्हणत होतात?"

"जिभेला सवय गं ती, तीस वर्षांची. आणि सांगितलं असतं, तर मंगळसूत्रही नेऊन माठाखाली ठेवलं असतंस!"

सून आधी हसली आणि मग तिला रडू आवरेना. आई हसतेय असं समजून बाळही दोन दात दाखवून हसू लागलं. फाट्यावर गाडीचा भोंगा वाजला. गाडी आली, थांबली आणि निघून गेली. ओसरीवरून कोणी उठलं नाही.

सुनेचे डोळे कोरडे झाल्यावर आक्का शांतपणे म्हणाल्या, "पोरी, तू दागिने चोरापासून लपवलेस आणि ते तुझ्यापासूनच लपले. काय आहे, किती आहे, कशात ओवलंय, हे तुला ठाऊक नव्हतं. म्हणून जीव घाबरा झाला तेव्हा हात टेकायला काही उरलं नाही. भीतीला मोजता येत नाही. ती नेहमी एक कमीच मोजते. मोजायचं ते मन स्थिर असताना. या गाठी मी मारल्या तेव्हा मला कसली घाई नव्हती, कोणाचं भय नव्हतं, म्हणून आज त्या खरं बोलल्या."

बाळाला तिच्या हाती देत त्या पुढे म्हणाल्या, "आता घरी जा. एकेक दागिना मऊ सुती फडक्यात वेगळा गुंडाळ, डबा कोरड्या जागी ठेव. दर दिवाळीआधी दोरे ओढून बघ. काय काय आहे ते लिहून झाकणाला आतून लाव. आणि डबा कुठे आहे ते घरातल्या आणखी एका माणसाला ठाऊक असू दे. एकट्याने राखलेली वस्तू राखणाऱ्यालाच खाते."

सगळे गेले. शिष्येने आपली मोत्यांची माळ पुन्हा हातात घेतली. तिने ते बिनगाठीचे सात-आठ मोती उतरवले आणि पहिल्यापासून ओवायला घेतले. एक मोती, एक गाठ. आक्कांनी पाहिलं. त्यांनी लाल धाग्याचं रीळ तिच्याजवळ सरकवलं.

संध्याकाळी सासूसुनेने मिळून डबा लावला. बाळ पाळण्यात गाढ झोपलं होतं आणि किती तरी दिवसांनी त्याची आई त्याचा श्वास ऐकायला मधूनमधून उठली नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला तिने आपल्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली. तिच्यातली शेवटची ओळ सासूबाईंनी दोनदा वाचून घेतली: बोरमाळ, मणी एक्केचाळीस. बेचाळिसावा गळ्यात.